कोळंबी, कासव आणि कलम २०: जिनिव्हात जिंकलेला खटला आणि किनाऱ्यावर राहिलेलं काम

१२ ऑक्टोबर १९९८ रोजी जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने जिनिव्हात एक निकाल दिला. तक्रारदार होते भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड, प्रतिवादी अमेरिका. वाद वरवर कोळंबीच्या आयातीचा होता, मुळात समुद्री कासवांचा: कासवांना धोका न पोहोचवता पकडलेली कोळंबीच आत येऊ देऊ, अशी अमेरिकेची अट होती. निकाल अमेरिकेच्या विरोधात गेला आणि आपल्याकडे त्याची नोंद भारताचा विजय अशी झाली. त्यानंतर एकवीस वर्षांनी, २०१९ मध्ये, भारतीय बोटींनी समुद्रात पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेने आपला बाजार बंद केला. कायदा तोच होता आणि अटही तीच.

व्यापाराचे आंतरराष्ट्रीय नियम आणि पर्यावरणाचं धोरण एकमेकांवर कुठे आदळतात, कुठे एकमेकांना वाट करून देतात, हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही. व्यापार कायद्याच्या वर्गात ते शिकवलं जातं ते निकालापुरतं. पण निकालाच्या आधी अमेरिकेच्या बंदरांत काय झालं आणि निकालानंतर आपल्या बंदरांत काय झालं नाही, हे धरल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: भारत जिंकला तो अमेरिकेने अट कशी लादली या मुद्द्यावर. अट घालण्याचा अधिकारच नाही, हे भारताचं मूळ म्हणणं त्याच निकालात फेटाळलं गेलं होतं. हा दुसरा भाग आपण मनावर घेतला नाही.

जाळ्यातल्या गजांची गोष्ट

कोळंबी तळाशी राहते, म्हणून ट्रॉलरचं जाळं तळावरून ओढत न्यावं लागतं. एक ओढ तासन्‌तास चालते. कासव हा फुप्फुसाने श्वास घेणारा प्राणी. त्याला ठरावीक वेळाने वर यावंच लागतं. जाळ्यात सापडलेलं कासव धडपडतं, त्यामुळे त्याचा श्वास आणखी लवकर संपतो, आणि जाळं वर येईपर्यंत ते बुडून मेलेलं असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९० मध्ये हिशेब मांडला तेव्हा अमेरिकी पाण्यात कोळंबीच्या जाळ्यांमुळे वर्षाला ५५,००० पर्यंत कासवं मरत असावीत असा अंदाज निघाला. माणसाच्या बाकी सगळ्या उद्योगांमुळे समुद्रात जेवढी कासवं मरतात, त्याहून जास्त एकट्या कोळंबीच्या जाळ्यांत मरतात, असं त्या अभ्यासाने म्हटलं.

यावरचा उपाय प्रयोगशाळेत सापडला नाही. जॉर्जिया राज्यातल्या सिंकी बून नावाच्या मच्छीमाराने जेलीफिश जाळ्यात भरू नयेत म्हणून जाळ्याच्या गळ्यात तिरक्या गजांची चौकट बसवली होती. खिडकीच्या गजांतून वारा आत यावा आणि माणूस अडावा, तशी कोळंबी गजांमधून मागच्या पिशवीत जाते आणि मोठा प्राणी गजांवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतो. हीच कल्पना पुढे कासवांसाठी वापरली गेली आणि तिला टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस, म्हणजे टेड, हे नाव मिळालं. नीट बसवलेला टेड ९७ टक्के कासवं बाहेर काढतो असं अमेरिकी मत्स्य खातं सांगतं.

१९८७ मध्ये अमेरिकेने आपल्या मच्छीमारांवर टेडची सक्ती केली, तेव्हा तिथे काय झालं हे आपल्याकडच्या चर्चेत फारसं येत नाही. लुईझियानाने त्याच वर्षी कायदा करून आपल्या राज्याच्या अधिकाऱ्यांना टेडचा नियम राबवायला मनाई केली. ती मनाई २०१५ पर्यंत टिकली. १९८९ च्या जुलैमध्ये टेक्सास आणि लुईझियानातल्या कोळंबी बोटींनी बंदरांची तोंडं अडवली. त्यांचं म्हणणं कुणाही बोटमालकाचं असेल तेच होतं: माल गळतो, खर्च वाढतो, आणि बाहेरून येणाऱ्या स्वस्त कोळंबीला मात्र असा कुठलाच नियम नाही.

त्याच वर्षी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, लुईझियानाचे सिनेटर जॉन ब्रो यांच्या पुढाकाराने एका सार्वजनिक कायद्यात कलम ६०९ घातलं गेलं. कासवांना धोका पोहोचेल अशा पद्धतीने पकडलेली कोळंबी अमेरिकेत येणार नाही. येऊ द्यायची असेल तर त्या देशाचा कार्यक्रम अमेरिकेच्या कार्यक्रमाच्या तोडीचा असल्याचं प्रमाणपत्र अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने द्यायला हवं. म्हणजे या कलमाला जन्मापासूनच दोन पालक होते, कासवं वाचवू पाहणारे आणि स्थानिक कोळंबी उद्योग वाचवू पाहणारे. भारतात अनेकांनी त्यातला दुसराच पाहिला आणि ‘हिरव्या कपड्यातला संरक्षणवाद’ म्हणून कायदा निकालात काढला. मला ते पटत नाही. ज्याने स्वतः खर्च सोसला आहे त्याने बाहेरच्यालाही तोच नियम मागणं यात मुळातच काही खोटं नाही. खोट असेल तर ती अंमलबजावणीत शोधावी लागते, आणि अपील मंडळाने पुढे नेमकं तेच केलं.

चार महिने

सुरुवातीला अमेरिकेने हे कलम फक्त कॅरिबियन आणि पश्चिम अटलांटिकमधल्या चौदा देशांना लावलं. त्यांना तयारीसाठी तीन वर्षं मिळाली. टेड कसा बसवायचा हे शिकवायला माणसं गेली. वाटाघाटी झाल्या आणि त्यातून १९९६ मध्ये अमेरिका खंडातल्या देशांचा कासव संरक्षण करारही झाला.

आशिया त्या चित्रात नव्हता. मग अर्थ आयलंड इन्स्टिट्यूट ही पर्यावरण संस्था न्यायालयात गेली: कायद्यात प्रदेशाची मर्यादा नसताना सरकारने ती कुठून आणली? डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला आणि १ मे १९९६ पासून कलम जगभर लावण्याचा आदेश दिला. भारताच्या हातात चार महिने उरले. तीन वर्षं आणि चार महिने यांतला हा फरक पुढे खटल्यात फार जड ठरला.

आणखी एक गोष्ट होती. प्रमाणपत्र बोटीला नव्हे, देशाला मिळणार होतं. समजा कोचीच्या एखाद्या बोटीने टेड लावला, प्रामाणिकपणे वापरला, एकही कासव मारलं नाही. तरी भारताला प्रमाणपत्र नाही म्हणून तिची कोळंबी अमेरिकेत जाणार नाही. ज्या कोळंबीमुळे कासवाचा जीव गेला नाही ती अडवून कासव कसं वाचतं, याला अमेरिकेकडे उत्तर नव्हतं.

ऑक्टोबर १९९६ मध्ये चार देशांनी मिळून तक्रार केली. त्यातल्या थायलंडने टेड सक्तीचे केले होते आणि त्याला नोव्हेंबरमध्ये प्रमाणपत्रही मिळालं. तरी तत्त्वासाठी तो खटल्यात राहिला.

आपली बाजू आणि आपला किनारा

भारताची बाजू पोकळ नव्हती. आपल्या समुद्रात कासवांच्या पाच जाती आढळतात: ऑलिव्ह रिडले, ग्रीन, हॉक्सबिल, लेदरबॅक आणि लॉगरहेड. पाचही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाइतकं संरक्षण त्यांना कागदावर आहे. धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स करारात भारत १९७६ पासून आहे. मग आमच्या कासवांचं रक्षण आम्ही कसं करावं हे वॉशिंग्टनने का ठरवावं, हा प्रश्न रास्तच होता.

पण त्याच वर्षांत ओडिशाच्या किनाऱ्यावर काय चाललं होतं तेही इथेच सांगायला हवं. गहिरमाथा, देवी नदीचं मुख आणि ऋषिकुल्या या तीन जागी ऑलिव्ह रिडले माद्या लाखोंच्या संख्येने एकदम अंडी घालायला येतात. जगात असं सामूहिक घरटं करणाऱ्या जागा मोजक्याच आहेत. १९९७ मध्ये गहिरमाथा सागरी अभयारण्य जाहीर झालं. आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच किनाऱ्यावर वर्षाला दहा हजारांहून अधिक मेलेली कासवं वाहून येत होती. अंगावर जखम नाही, डोळे सुजलेले. बहुतेकांच्या मरणाचं कारण ट्रॉलरचं जाळं होतं. भारताचे वकील जिनिव्हात सांगत होते की आमची संरक्षण व्यवस्था जुनी आणि पुरेशी आहे. ती जुनी होती, यात शंका नाही. पुरेशी होती असं त्या वाळूवरून चालत गेलेला कुणीही म्हणाला नसता.

निकालाने नेमकं काय ठरवलं

व्यापाराच्या नियमांची मांडणी आधी पाहू. १९४७ चा गॅट करार, जो आता जागतिक व्यापार संघटनेचा भाग आहे, त्याचं कलम ११ आयातबंदीला मनाई करतं. कलम २० अपवाद देतं. त्यातला ‘ब’ उपभाग माणूस, प्राणी आणि वनस्पती यांच्या जीवासाठी आवश्यक उपायांना मुभा देतो. ‘ग’ उपभाग संपून जाऊ शकणाऱ्या नैसर्गिक संपत्तीच्या जतनाशी संबंधित उपायांना मुभा देतो, मात्र देशातही तशीच बंधनं घातलेली असली पाहिजेत. आणि या सगळ्या अपवादांच्या डोक्यावर एक परिच्छेद आहे: उपाय असा लावू नका की सारख्या परिस्थितीतल्या देशांमध्ये मनमानी किंवा असमर्थनीय भेदभाव होईल, किंवा तो व्यापारावरचा छुपा निर्बंध ठरेल.

याआधीचा इतिहास पर्यावरणवाद्यांच्या दृष्टीने निराशेचा होता. १९९१ मध्ये मेक्सिको विरुद्ध अमेरिका या ट्यूना-डॉल्फिन प्रकरणात गॅटच्या पॅनेलने, म्हणजे वाद आधी ऐकणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने, म्हटलं की डॉल्फिन मारून पकडलेला ट्यूना आणि डॉल्फिन न मारता पकडलेला ट्यूना हे व्यापाराच्या दृष्टीने एकच. माल कसा तयार झाला यावरून, तेही स्वतःच्या हद्दीबाहेरच्या प्राण्यासाठी, आयात अडवता येणार नाही. तो अहवाल औपचारिकपणे कधीच स्वीकारला गेला नाही, पण व्यापार नियम म्हणजे निसर्गाचे शत्रू ही समजूत त्यातून पक्की झाली.

कोळंबी प्रकरणात मे १९९८ मध्ये पॅनेलचा अहवाल आला तोही त्याच वळणाचा होता: प्रत्येक देश आपापल्या धोरणाची अट घालून बाजार बंद करू लागला तर बहुपक्षीय व्यापारव्यवस्थाच कोसळेल. हा भारताचा पूर्ण विजय होता. अमेरिका अपिलात गेली आणि चित्र बदललं.

अपील मंडळाने पॅनेलची तपासणीची दिशाच चुकीची ठरवली. आधी उपाय अपवादात बसतो का ते पाहा, मग तो कसा लावला गेला ते पाहा. भारत, पाकिस्तान आणि थायलंड यांचा युक्तिवाद असा होता की ‘संपून जाऊ शकणारी संपत्ती’ म्हणजे खनिजं वगैरे. कासवं अंडी घालतात, त्यांची संख्या भरून निघते, म्हणून ती यात येत नाहीत. मंडळाने हे मानलं नाही. सजीवांच्या जातीही नष्ट होऊ शकतात हे आता सगळ्यांना माहीत आहे. सातही जातींची समुद्री कासवं साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. आणि जागतिक व्यापार संघटना स्थापन करणाऱ्या १९९४ च्या मराकेश कराराच्या प्रस्तावनेतच शाश्वत विकासाचं ध्येय लिहिलेलं आहे. १९४७ चे शब्द आजच्या जाणिवेनेच वाचले पाहिजेत, असं मंडळाने सांगितलं. दुसऱ्या देशाच्या धोरणाची अट घालून बाजार देणं एवढ्यावरून उपाय अपवादाबाहेर जात नाही, हेही स्पष्ट केलं. हद्दीच्या प्रश्नावर त्यांनी सर्वसाधारण नियम घालून दिला नाही. ही कासवं दूरदूर स्थलांतर करतात, वादातल्या सगळ्या जाती अमेरिकेच्या पाण्यातही आढळतात, तेवढा संबंध या प्रकरणापुरता पुरे, असं म्हटलं.

इथे ट्यूना प्रकरणाचं ओझं उतरलं. पर्यावरणासाठी आयात अडवणं तत्त्वतः शक्य झालं. आणि मग मंडळ त्या डोक्यावरच्या परिच्छेदाकडे वळलं, तिथे अमेरिका हरली.

तिथली कारणं मी नेहमी सावकाश वाचायला सांगतो, कारण विकसनशील देशांसाठी खरा ऐवज तिथे आहे. अमेरिकेने कॅरिबियन देशांशी गंभीर वाटाघाटी केल्या, या चौघांशी केल्या नाहीत. बंदी हे पहिलं हत्यार म्हणून उगारलं. एका गटाला तीन वर्षं, दुसऱ्याला चार महिने. तंत्रज्ञान शिकवण्याची मेहनतही एका गटासाठी जास्त, दुसऱ्यासाठी कमी. आपला कार्यक्रम जवळजवळ जसाच्या तसा उचला असा आग्रह धरला. त्या देशातली परिस्थिती वेगळी असू शकते याचा विचार केला नाही. टेड लावून पकडलेली कोळंबीही निव्वळ देश पाहून अडवली. आणि प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेत अर्जदार देशाला बाजू मांडायची संधी नाही, नकाराची लेखी कारणं नाहीत, फेरविचार नाही. कुठल्याही तहसील कार्यालयात आपण ज्या किमान न्यायाची अपेक्षा करतो तोही इथे एका सार्वभौम देशाला मिळाला नव्हता.

निकालाच्या अखेरीस मंडळाने काय ठरवलेलं नाही तेही लिहिलं: पर्यावरण रक्षण महत्त्वाचं नाही असं आम्ही म्हटलेलं नाही, देश कासवं वाचवण्यासाठी परिणामकारक उपाय करू शकत नाहीत असंही म्हटलेलं नाही. मराठीत आणि एकूणच भारतात या प्रकरणावर जे लिहिलं गेलं त्यात हा परिच्छेद क्वचितच दिसतो. पुढच्या वर्षी जागतिक व्यापार संघटनेच्या सिएटलच्या परिषदेबाहेर शेकडो निदर्शक पुठ्ठ्याची कवचं घालून कासवं बनून उतरले, तेही निकालाची शेवटची ओळच पाहून. अमेरिका हरली म्हणजे कासवं हरली, असं त्यांना वाटलं. आपल्याला वाटलं, अमेरिका हरली म्हणजे अट गेली. वाचन दोन्हीकडे अपुरंच झालं.

मलेशियाला मिळालेलं उत्तर

अमेरिकेने कायदा बदलला नाही. जुलै १९९९ मध्ये फक्त मार्गदर्शक सूचना बदलल्या. आता कार्यक्रम ‘तसाच’ नव्हे, तर परिणामाने तुल्य असला तरी चालणार होता. देशाला प्रमाणपत्र नसलं तरी टेड लावून पकडल्याची सरकारी हमी असलेला एकेक माल येऊ शकत होता. अर्जदार देशाला आधी प्राथमिक निष्कर्ष कळवायचा, त्याचं म्हणणं ऐकायचं, कारणं द्यायची, अशी प्रक्रिया आली. हिंदी महासागर आणि आग्नेय आशियातल्या देशांशी बोलणी सुरू झाली आणि २००१ मध्ये तिथल्या कासवांसाठी सामंजस्य करार अमलात आला.

मलेशियाला हे पुरेसं वाटलं नाही. बंदी कायम असताना पालन झालं कसं म्हणायचं, म्हणून तो पुन्हा जिनिव्हात गेला, या खेपेला मुख्य तक्रारदार म्हणून एकटाच. ऑक्टोबर २००१ मध्ये अपील मंडळाने उत्तर दिलं: करार होणं बंधनकारक नाही, करारासाठी प्रामाणिक आणि सातत्याचे प्रयत्न बंधनकारक आहेत; ते चालू आहेत तोवर अमेरिकेची बंदी नियमात बसते.

म्हणजे पाच वर्षांच्या लढाईनंतर कलम ६०९ आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याच्या कसोटीला उतरलेलं, आणखी पक्कं होऊन उभं राहिलं. भारतासाठी खरी घंटा ही होती. वकिलांचं काम इथे संपलं होतं आणि मत्स्य खात्यांचं सुरू व्हायला हवं होतं.

बोटीवर टेड का चढला नाही

काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे सिफ्टने, भारतीय बोटींसाठी स्वतःचा टेड तयार केला. चाचण्यांमध्ये कोळंबीची गळती एक टक्क्याच्या आत राहिली. ओडिशाने टेड सक्तीचा केला, शेकडो टेड बोटींना वाटले गेले. ते बहुतेक वेळा धक्क्यावरच पडून राहिले.

त्याचं कारण बोट चालवणाऱ्या तांडेलाचा अडाणीपणा किंवा निष्ठुरपणा असं सांगितलं जातं तेव्हा मला राग येतो. मेक्सिकोच्या आखातातली बोट कोळंबीसाठीच जाते. जाळ्यात आलेला इतर मासा तिला बहुधा ओझं वाटतो. आपल्या ट्रॉलरचं अर्थकारण वेगळं आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात किंवा मुंबईच्या ससून डॉकला उतरणाऱ्या मालात कोळंबीबरोबर माकूल (स्क्विड) असतं, रिबनफिश असतो, मोठा मासा असतो, आणि डिझेलचा खर्च या सगळ्यातून मिळून निघतो. अमेरिकी नियमात गजांमधलं अंतर कमाल चार इंच. त्याहून जाड मासा कासवाबरोबर बाहेर जातो. सिफ्टने म्हणूनच आपल्या टेडमध्ये गजांमधलं अंतर जास्त ठेवलं. मच्छीमाराला ते सोयीचं होतं, पण अमेरिकेच्या मापात बसत नव्हतं. परिणामाने तुल्य असलं तरी चालेल, ही सवलत अपील मंडळाने ज्या कारणासाठी मिळवून दिली ती नेमकी अशी परिस्थिती होती. गजांमधलं अंतर जास्त ठेवूनही आमच्या समुद्रातलं मोठं कासव सुटतं, हे आकडेवारीनिशी दाखवण्याची वाट त्या निकालाने उघडली होती. त्या वाटेने आपण वेळेत गेलो नाही. आता सिफ्ट आणि सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण यांनी अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान पाहणाऱ्या नोआ या सरकारी संस्थेबरोबर काम करून तिच्या मापात बसणारा नवा टेड तयार केला आहे, आणि प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून तो बोटींना देण्याची तरतूद आहे. म्हणजे १९९६ मध्ये जे आपल्याला अन्यायाचं वाटलं, ते माप अखेर आपण जवळपास तसंच घेतलं.

दुसरं कारण आपल्या राज्यघटनेच्या रचनेत आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्यांच्या अखत्यारीत येते. प्रमाणपत्र मात्र देशाला मिळतं. निर्यातीची काळजी केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाला, बोटींचे परवाने राज्याच्या मत्स्य खात्याकडे, कासव वन खात्याकडे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्यात दंड वाढवणाऱ्या कडक सुधारणाही झाल्या. त्यांचा रोख मुख्यतः परप्रांतीय ट्रॉलर, पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर राहिला. एका राज्याने टेड काटेकोरपणे लावला आणि शेजारच्याने लावला नाही, तर प्रमाणपत्र दोघांनाही नाही. मग पहिल्याने तरी का लावावा?

कासवाला ही हद्द कळत नाही. २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला धातूची पट्टी लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगळी, अशी समज होती. तिला यामुळे मोठा धक्का बसला. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी २००२ पासून जे उभं केलं, ते याच संदर्भात पाहिलं पाहिजे. पहाटे किनारा तुडवून घरटी शोधायची, अंडी कुंपणात हलवायची, पिल्लं समुद्रात सोडायची. आता सिंधुदुर्गापर्यंत कितीतरी गावं हे करतात. पण हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं, त्याला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि अंडी घालायला किनाऱ्याकडे येणारी ती मादी नेमकी ट्रॉलरच्या पट्ट्यातून येते. किनाऱ्यावर गावाने वर्षानुवर्षं जमवलेलं एका ओढीत जाऊ शकतं. अमेरिकेची बंदी असो वा नसो, कोकणात टेड हवा तो एवढ्यासाठी.

शेतातली कोळंबी सुटली

कलम ६०९ तलावात वाढवलेल्या कोळंबीला लागू नाही. कासव तलावात येत नाही, म्हणून तर्क सरळ आहे. पण ऑक्टोबर १९९६ मध्ये भारत जिनिव्हात तक्रार करत होता आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर किनारी नियमन क्षेत्रातले कोळंबीचे तलाव पाडण्याचे आदेश दिले. तमिळनाडू आणि आंध्रच्या किनाऱ्यावर भातशेतं खारावली होती, विहिरी नासल्या होत्या, खारफुटी गेली होती. गांधीवादी जगन्नाथन यांनी हा लढा भूमिहीन शेतमजुरांच्या बाजूने लढवला होता.

एकच पदार्थ, दोन पर्यावरणीय प्रश्न. अमेरिकेच्या कायद्याने त्यातला एकच पाहिला, कारण कायदा कासवांसाठी होता. पुढे २००९ च्या सुमारास व्हॅनामेई ही तलावात वाढवायची कोळंबी भारतात आली आणि आज अमेरिकेला जाणारी आपली कोळंबी बहुतांश आंध्रच्या तलावांतली आहे. म्हणूनच २०१९ च्या बंदीचा मोठा गाजावाजा झाला नाही. निर्यातीचा एकूण आकडा फार हलला नाही. झळ बसली ती समुद्रावर जाणाऱ्या बोटींना, ज्यांच्या बाजूने बोलणारं वजनदार कुणी दिल्लीत नव्हतं. व्यापाराची अट एका जागी निसर्ग वाचवते तेव्हा दुसरीकडे भार कुठे सरकतो, याचा हिशेब कलम २० मागत नाही. तो ज्या देशाचा किनारा आहे त्यानेच ठेवायचा.

आता पोलाद

युरोपीय संघाचं कार्बन सीमा शुल्क १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झालं. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातीवर, तो माल बनवताना किती कार्बन हवेत गेला त्यानुसार भार पडणार. प्रश्न १९९६ चाच आहे: माल सारखा दिसतो, बनवण्याची रीत वेगळी.

भारताचं आजचं म्हणणं पुन्हा मुख्यतः अधिकाराच्या मुद्द्यावर आहे: हे एकतर्फी आहे, हवामान करारातल्या सामायिक पण भिन्न जबाबदारीच्या तत्त्वाला धरून नाही. दुसरा भाग मला न्याय्य वाटतो. पण कोळंबी प्रकरण वाचलेला कुणीही सांगेल की ‘तुम्हाला अधिकारच नाही’ या दारावर डोकं आपटून उपयोग होणार नाही. तो मुद्दा १९९८ मध्येच फेटाळला गेला आहे. लढायचं ते रीतीवर. विकसनशील देशांना वेगळी मुदत का नाही? छोट्या कारखान्याने उत्सर्जन मोजायचं कसं, त्याला कोण मदत करणार? खरे आकडे नसतील तेव्हा जे ठोकताळे लावले जातात ते कुणी, कशावरून ठरवले? वाटाघाटी सगळ्यांशी सारख्या झाल्या का? हे सगळे प्रश्न निकालाच्या त्या कारणांतून थेट उचलता येतात.

अडचण अशी की निवाडा करायला आता ते मंडळच नाही. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका रोखून धरल्याने अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलं आहे. पॅनेलपुढे हरलेला पक्ष अपील दाखल करून प्रकरण अधांतरी ठेवू शकतो. त्यामुळे कायद्याचा युक्तिवाद आता प्रत्यक्ष वाटाघाटीच्या टेबलावरच वापरावा लागतो, आणि तिथे घरी केलेल्या कामाचं वजन आणखी वाढतं.

युरोपीय नियमात एक वाट ठेवलेली आहे: मूळ देशात कार्बनची किंमत भरली असेल तर तेवढी वजावट मिळते. भारताने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर केली आहे. ती योजना खरी चालली, कारखान्यांची मोजणी तटस्थ तपासनीसांनी केली, आणि भरलेल्या किमतीच्या नोंदी मागताक्षणी दाखवता आल्या, तर तो पैसा ब्रसेल्सऐवजी भारतातच राहील. त्यासाठी लागणारी मोजणी यंत्रं, प्रशिक्षित माणसं आणि छोट्या पोलाद कारखान्यांना लागणारं अर्थसाहाय्य यांची तरतूद आत्ता करावी लागेल. युरोपीय आयातदारांना २०२६ च्या मालासाठीची प्रमाणपत्रं फेब्रुवारी २०२७ पासून विकत घ्यायची आहेत.